उंबऱ्यापाशी दोन जोडे

नवरदेवाकडची दुधनीची माणसं जानवशात न्याहारीला बसली, असा निरोप आला आणि बसलिंगप्पानं कोठीच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. आत त्याचा धाकटा भाऊ शिवशरण मांडी घालून बसला होता. त्याच्या पुढ्यात ट्रंकेएवढं साखरेचं घर होतं. पुढची भिंत त्यानं मुद्दामच केली नव्हती, सगळा संसार आरपार दिसावा म्हणून. मौलाली भिंतीला टेकून, पाय पसरून, फुटलेले बत्तासे खात होता.

"झालं?" बसलिंगप्पानं विचारलं.

"झालंच. चुलीतला जाळ तेवढा राहिलाय," शिवशरण वर न बघता म्हणाला. त्याच्या बोटांत केशराची काडी होती.

"मग ऐका दोघंही. दुधनीच्या बायका रुखवत बघायला येतील. कुणी केलं म्हणून विचारतील. अक्कानं केलं म्हणायचं."

"दरवेळी तेच म्हणतो की, अण्णा."

"या वेळी जास्त जपून म्हणायचं. अडतवाली माणसं आहेत, नवऱ्याची आई फार बारीक बघणारी आहे म्हणतात. नवरीचा काका बायकांचं काम करतो, हे तिला कळलं की लेकीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल." मग मौलालीकडे वळून तो जरा अवघडला. "आणि मौलाली, तुझा पडदा सगळ्यांना आवडला बरं का. तू मांडवात मागं बस. पडदेवाला म्हणून कुणी काही विचारणार नाही."

मांडवात बोहल्यामागं मौलालीनं रंगवलेला पडदा लावला होता. नाटक कंपन्यांसाठी तो राजवाडे आणि अरण्यं रंगवायचा. बसलिंगप्पाच्या लेकीच्या, दाक्षायणीच्या लग्नासाठी त्यानं तळं काढलं, तळ्यात कमळं काढली आणि एका हंसाला जागा उरली नाही म्हणून तो काठावर बसवला.

"हौ, अण्णा. मागं तर मागं," मौलाली म्हणाला. "पण माझं नाव पडद्याच्या कोपऱ्यात आहे. ते पुढं बसणार."

"ते राहू दे. ते कोण वाचतंय."

बसलिंगप्पा गेला. मौलालीनं आणखी एक बत्तासा तोंडात टाकला.

"मेरा नाव कोपऱ्यात," तो म्हणाला. "तुझा कुटं रे, मियाँ?"

"मुंग्या खाणार त्या वस्तूवर नाव काय घालायचं?"

"मुंग्यांना तरी कळू दे."

शिवशरण हसला. मग बराच वेळ केशराची काडी चुलीत नीट बसेना.

दाक्षायणी म्हणजे माझी आई. पण त्या दिवशी ती अजून कुणाची आई नव्हती, म्हणून इथं तिला नावानंच लिहिते. यातलं बरंचसं तिनंच सांगितलेलं आहे. जे विचारायचं राहिलं ते आता मलाच ठरवावं लागतं.

ती माजघरात हळदीच्या अंगानं बसली होती. तिची वेणी घालत होत्या नीलव्वाआत्या, बसलिंगप्पाची आणि शिवशरणची थोरली बहीण, त्या दोघांची अक्का. दाक्षायणीची आई गेल्यावर घर त्यांच्याच हाती आलं होतं. त्यांचा आवाज असा की गिरणीचा भोंगा एखाद्या दिवशी वाजला नसता तरी कामगार वेळेवर गेले असते. रुखवताची गाणी म्हणायला त्यांना गावभरातून बोलावणी यायची.

"आत्या, एक मागू?"

"आज काय माग. उद्या दुधनीला मागावं लागंल."

"गाण्यात काकाचं नाव घ्या."

वेणीवरचा हात थांबला. "कुठल्या गाण्यात?"

"रुखवत कुणी केलं म्हणून म्हणता त्या गाण्यात. दरवेळी तुम्ही तुमचं नाव घालता. तुम्हाला साखरेचा साधा पाकही जमत नाही."

"जमत नाही तर नाही. तोंडावर बोलू नको." आत्यांनी वेणी जरा जोरानं ओढली. "तुझ्या बापानं मला शपथ घातलीय. आणि शिवशरणच नको म्हणतो."

"तो नको म्हणतो, कारण त्याला कुणी हवं का म्हणून विचारलंच नाही."

नीलव्वा पुन्हा वेणी घालू लागल्या. धाकट्या भावाला त्यांनी कडेवर खेळवलं होतं. टेंभुर्णीला मुलगी बघायला म्हणून तो गेला आणि मुलीच्या आईला साखरेची कमळं करायला शिकवून परत आला, तेव्हाच त्या ओळखून चुकल्या होत्या. पुढं बेगम पेठेतल्या माडीवर तो मौलालीबरोबर राहायला गेला. लोक म्हणायचे, दोस्त आहेत, भाडं वाटून घेतात. नीलव्वाही तसंच म्हणायच्या. पण सणाला त्या दोघांसाठी पुरणपोळ्या न्यायच्या आणि माडीचा जिना चढताना खालूनच खाकरायच्या. भावाच्या घरी जाताना कुणी खाकरत नाही. नवराबायकोच्या घरी जाताना खाकरतात.

"बघू," त्या शेवटी म्हणाल्या. त्यांच्या तोंडी 'बघू' म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

दुधनीच्या बायका वाजतगाजत आल्या. सगळ्यांत पुढं नवऱ्याची आई गौरव्वा, ठेंगण्याठुसक्या बांध्याची, नाकात मोठी नथ, डोळे मांडवाच्या खांबापासून आचाऱ्याच्या पातेल्यापर्यंत सगळीकडे फिरणारे. सतरंजीवर रुखवत मांडलं होतं. साखरेची तुळस, खोबऱ्याचा झुला, खसखशीची रांगोळी, आणि मधोमध शेल्यानं झाकलेलं ते घर.

नीलव्वा पदर खोचून उभ्या राहिल्या.

"सोलापूरच्या मांडवात साखरेचा डोंगर,
दुधनीची विहीण बाई चढताना मोडते कंबर!"

मुलीकडच्या बायका हसल्या. गौरव्वानं नथ बाजूला सारली, तुळशीचं एक पान मोडून जिभेवर ठेवलं.

"डोंगर बघितला बाई, चाखून बघितला कण,
गोड कमी, गप्पा जास्त, हेच का तुमचं मोठेपण?"

आता दुधनीकडच्या हसल्या. बसलिंगप्पा पुरुषांत बसला होता, त्यालाही हसू आलं. अजून तरी सगळं रीतीप्रमाणं चाललं होतं. दोन्हीकडून चांगली दहाबारा गाणी झाली आणि मग नीलव्वांनी घरावरचा शेला काढला.

खोबऱ्याच्या कौलांचं छप्पर, दालचिनीचे खांब, लवंगांच्या खुंट्या. चुलीवर वाटाण्याएवढं पातेलं. खिडकीपाशी एक पाट भिंतीला टेकवून उभा, त्यावर अर्धवट रंगवलेलं चित्र, आणि त्याच्या पायाशी केसाएवढा कुंचला. उंबऱ्यापाशी जोडे काढून ठेवलेले.

"यव्वा!" दुधनीची कुणीतरी म्हणाली. "हात लावू का?"

"लावू नका, विरघळंल," नीलव्वा म्हणाल्या.

गौरव्वा खाली बसली. नाक घराला लागेल इतकी वाकली. बराच वेळ बघत राहिली आणि तशीच वाकलेली असताना म्हणाली:

"घर बघितलं, दार बघितलं, चूल बघितली खरी,
उंबऱ्यापाशी दोन गड्यांचे जोडे, कुठं गेली नवरी?"

मांडवात हशा फुटला, मग सगळ्या बायका बघायला वाकल्या. खरंच की. एक वहाणांचा जोड, एक पुढं टोक वळवलेल्या चढावांचा. दोन्ही पुरुषांचे. बाईच्या पायातलं घरात काहीच नव्हतं.

कोठीच्या दाराआडून शिवशरण हे ऐकत होता. त्याचा चेहरा उतरला.

"काय झालं रे?" मांडवात न जाता त्याच्यापाशीच थांबलेला मौलाली कुजबुजला.

"दाक्षायणीचं घर करायला बसलो आणि आपलंच करून ठेवलं."

"म्हणजे?"

"संसार करायचा म्हटलं. डोळ्यापुढं जे येत गेलं ते करत गेलो. माझ्या लक्षातच आलं नाही."

मौलालीनं फटीतून पाहिलं. बघता बघता त्याचे खांदे हलायला लागले. "अरे, मेरा कुंचला बी घातला? आणि तो परदा पुरा बी नाही केला!"

"हसू नको."

"मैं कायकू हसतोय? माडीवरचा पडदा तर मीच पुरा केला न्हाई."

बाहेर नीलव्वांना उत्तर द्यायचं होतं. रीतच ती होती. उत्तर नाही दिलं तर मुलीकडचे हरले. त्यांनी श्वास घेतला.

"एक जोड जावयाचा, एक व्याह्यांचा जुना,
आमची लेक घरातच आहे, तिला जोडा कशाला पुन्हा?"

मुलीकडच्यांनी टाळ्या पिटल्या. बसलिंगप्पानं कपाळ पुसलं. पण गौरव्वा हलली नाही.

"व्याह्यांचा?" ती आता गाणं सोडून बोलू लागली. "आमच्यात चढाव कोण घालतंय हो? आमच्या ह्यांच्या वहाणा बघा, म्हशीच्या कातड्याच्या, एकेक ह्या घराएवढी हाय." बायका हसल्या. तिची नजर मांडवात फिरली, आणि कोठीच्या दारावर येऊन थांबली.

कोठीच्या उंबऱ्यापाशी दोन जोडे काढून ठेवलेले होते. एक वहाणांचा. एक चढावांचा, उजव्या चढावावर पिवळ्या रंगाचा थेंब वाळलेला.

गौरव्वानं साखरेच्या जोड्याकडं पाहिलं. उजव्या चढावावर केशराचा ठिपका होता.

"आत कोण हाय?" तिनं विचारलं.

बसलिंगप्पा उठला. तो घाईनं बायकांतून वाट काढत आला. "काही नाही, विहीणबाई. करणारीची चूक झाली. अक्का, काढा तो एक जोड. काढा म्हणतो ना."

नीलव्वांनी हात पुढं केला, पण तेवढ्यात कोठीचं दार उघडलं आणि मौलाली बाहेर आला. अंगावर रंगानं माखलेला सदरा, तोंडावर अख्ख्या मांडवाला पुरेल एवढं हसू.

"कशाला त्रास घेता, अक्का? मेरा जोड मीच काढतो." तो घरापुढं उकिडवा बसला. "आणि काढलेलं टाकायचं न्हाई, खायचं." त्यानं दोन बोटांत तो इवलासा चढाव उचलला आणि तोंडाकडे नेला.

सगळे हसायला लागले होते. खाऊन टाकला असता तर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याचं मनगट मधेच कुणीतरी धरलं. शिवशरण त्याच्यामागोमाग अनवाणी आला होता.

"ठेव तिथं," तो म्हणाला.

"अरे, काय होतंय? साखर तर आहे."

"ठेव म्हणतो ना."

मौलालीनं चढाव होता तिथं ठेवला. शिवशरणनं मनगट सोडलं नाही. एवढ्या माणसांत, बायका बघत असताना, तो तसाच धरून बसला.

"शिवशरण, आत जा," बसलिंगप्पा हळू आवाजात म्हणाला.

"जातो, अण्णा. एवढं बोलून जातो. आपल्याकडच्या सगळ्या लग्नांत रुखवत मी केलं आणि नाव अक्काचं लागलं. मी कधी तक्रार केली?"

"नाही. म्हणूनच म्हणतो, आज तरी..."

"पुढंही करणार नाही. नाव कुणाचं लावायचं ते लावा. पण केलंय त्यातलं काढू नका. संसार म्हटला की मला हाच दिसतो, दुसरा मला येत नाही. तो जोड काढला तर ते घर खोटं होईल. मग सगळंच मोडून चहात घाला."

आई सांगायची, त्या वेळी तिला पळत जाऊन काकाच्या शेजारी उभं राहावंसं वाटलं. पण नवरीनं मांडवात यायचं नसतं आणि पायाला ओली मेंदी होती. ती माजघराच्या खिडकीत उभी राहिली आणि बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. आता सगळं त्या तोंडातून काय निघतं यावरच होतं, हे तिला कळलं होतं. जानवसा शंभर पावलांवर होता. उठून जायला दुधनीकरांना वेळ लागला नसता.

बसलिंगप्पा साखरेच्या घराकडे बघत होता. त्यानं ते आत्तापर्यंत नीट पाहिलंच नव्हतं, नाव कुणाचं घ्यायचं एवढंच पाहिलं होतं. आता त्याला पहिल्यांदा आतलं दिसलं. दोन ताटं पालथी घातलेली. दोन उशा. चुलीजवळ एक रुंद पाट मांडलेला, तिसऱ्या माणसासाठी. आणि त्या पाटाशेजारी, तांदळाएवढी, झाकण अर्धवट उघडलेली एक डबी.

त्यानं पटकन मान फिरवली, पण उशीर झाला होता. नीलव्वांनी त्याच्या नजरेमागून नजर नेली होती.

"अगं बाई!" त्या ओरडल्या. "ही तर तपकिरीची डबी! बसप्पा! तू सोडली होतीस ना तपकीर? माझ्या हातावर पाणी सोडलं होतंस!"

"अक्का, माणसांत..."

"म्हणून दर सोमवारी सूत बघायला बेगम पेठेत! मी म्हणते, एवढं कसलं सूत?"

मांडवात पुरुषांच्या बाजूनंही हसू फुटलं. मौलालीनं तोंडात सदऱ्याची बाही कोंबली. शिवशरणही हसला आणि हसता हसता म्हणाला, "माफ कर, अण्णा. ती डबी फळीवर नेहमी असते. हात आपोआप गेला."

बसलिंगप्पाला राग यायला हवा होता. तो येईना. बायको गेल्यानंतर त्या पाटावर तो किती सोमवार बसला होता, हे त्याचं त्यालाच माहीत. तिथं त्याला कुणी धीर देत नव्हतं. मौलाली कंपनीतल्या नटांच्या नकला करायचा, शिवशरण भाकरी थापायचा, आणि तो शिंकत शिंकत हसायचा. साऱ्या सोलापुरात तेवढीच एक जागा होती जिथं त्याला कुणाचा बाप, कुणाचा व्याही व्हावं लागत नव्हतं.

गौरव्वा मात्र हसत नव्हती. ती अजून उकिडवीच होती. तिनं एकदा शिवशरणकडे पाहिलं, एकदा मौलालीकडे, मग धरलेल्या मनगटाकडे.

"व्याही," ती म्हणाली, "मला सरळ सांगा. हे दोघं कोण?"

पुरुषांकडचं पानसुपारीचं तबक फिरायचं थांबलं.

बसलिंगप्पा म्हणाला, "हा माझा धाकटा भाऊ, शिवशरण. आणि हा मौलाली. दोघं एका घरात राहतात." त्यानं साखरेच्या घराकडे बोट केलं. "घर तुम्ही बघितलंच."

गौरव्वा पुन्हा घरावर वाकली. कौलं पाहिली, चूल पाहिली, खिडकीतलं अर्धं चित्र पाहिलं. पालथ्या ताटांपाशी तिची नजर थोडी रेंगाळली.

"बघितलं," ती शेवटी म्हणाली. "नेटकं हाय. आमच्या थोरल्याच्या घरात बी येवढं नेटकं न्हाय." मग कमरेवर हात ठेवून उठली आणि एकदम तिचा मघाचा आवाज परत आला. "पण माझा सवाल हाय तिथंच हाय की! सून आमची, रुखवत तिचं, आणि तिनं जोडं कुटं काढायचं? का अनवाणी नांदायची दुधनीला?"

शिवशरण गोंधळला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि मौलालीचं मनगट त्यानं तेव्हा कुठं सोडलं. "आत्ता करतो," तो म्हणाला. "बसा तुम्ही. मौलाली, पिठीसाखर आण. आणि खोबऱ्याचा कीस, बारीक."

"हितंच करणार? आमच्यासमोर?"

"तुम्हीच मागितला ना जोड."

बायकांनी गराडा घातला. पुरुषांतलेही दोघंचौघं मागून उंच होऊन बघू लागले. शिवशरणनं चिमूटभर गोळा तळहातावर घेतला, अंगठ्यानं दाबला, नखानं कड वळवली. मौलालीनं न विचारता कुंकवाचं बोट पुढं केलं. बोटाएवढीसुद्धा नव्हती ती वहाण, पण तिला अंगठा होता, टाच होती.

"आगं, बापयाचं हात बघ की!" दुधनीची एक म्हातारी म्हणाली. "लई बारीक चालत्यात."

"आमच्या धाकटीचं लगीन पौषाच्या म्होरं हाय," गौरव्वा म्हणाली. "दोघंबी या दुधनीला. कोठीत न्हाय बसवत मी. ओसरीवर बसून करा, गावाला बघू द्या." मग नीलव्वांकडे वळली. "आणि तुमी, विहीणबाई, उत्तर कुटं हाय? दोन सवाल झाले, तुमचं तोंड बंद. हरलात म्हणा की!"

हरलात म्हटल्यावर नीलव्वा गप्प बसणं शक्यच नव्हतं. त्यांनी बसलिंगप्पाकडे पाहिलं. शपथ त्यानंच घातली होती. तो तपकिरीच्या डबीकडे बघत होता. त्यानं मान हलवली, अगदी थोडी. नीलव्वांनी खिडकीतल्या दाक्षायणीकडे एकदा पाहिलं आणि आवाज सोडला.

"शिवशरणाच्या बोटांत साखर, मौलालीच्या बोटांत रंग,
दोघांनी मांडला संसार, बघून विहीणबाई दंग!"

गौरव्वानं उत्तरासाठी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "थांबा," ती म्हणाली. "परत म्हणा. गावात जाऊन सांगाया लागंल कुणी केलं ते. पाठ करून घेते."

नीलव्वांनी पुन्हा म्हटलं. या खेपेला मुलीकडच्या बायकांनी उचललं, मग दुधनीच्याही दोघीतिघींनी. शिवशरणच्या तळहातावर दुसरी वहाण अर्धी झाली होती. त्याची बोटं थांबली. तो मान वर न करता ऐकत राहिला.

"मियाँ," मौलाली त्याच्या कानाशी म्हणाला, "साखर वाळतेय."

"वाळू दे," शिवशरण म्हणाला. "अजून एकदा म्हणतायत."